सोसायटीकडे अकरा लाख आहेत: मीटर वर उचलू की गच्चीवर सोलर लावू?

कुर्लेकरीण
८ जून २०२५, सकाळी ७:५०

नमस्कार मंडळी,

आमची इमारत कुर्ल्यात, मिठी नदीपासून चालत सात मिनिटांवर. तळमजला अधिक चार मजले, अठ्ठावीस बिऱ्हाडं. येत्या २२ तारखेला, रविवारी, सोसायटीची विशेष सभा आहे. गच्चीवरच्या मोबाईल टॉवरच्या भाड्याचे अकरा लाख साठलेत आणि त्यांच्यावर दोन ठराव आलेत.

पहिला तळमजल्याच्या लोकांचा. मीटर रूम आणि पाण्याचा पंप उचलून पहिल्या मजल्याच्या उंचीवर न्यायचा, आणि गटारातून उलटं येणारं पाणी अडवायला झडप बसवायची. अंदाजे आठ लाख.

दुसरा चौथ्या मजल्यावरच्या एका मुलाचा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, फार तळमळीचा पोरगा. गच्चीवर दहा किलोवॅटचं सोलर. साडेसहा लाख, त्यातले काही अनुदान म्हणून नंतर परत येतील. दोन्ही एकदम बसत नाही.

तो म्हणतो, "काकू, कोळसा जाळणं थांबत नाही तोवर पाणी वाढतच राहणार. मीटर किती वेळा वर नेणार?" तळमजल्यावरच्या आजी म्हणतात, "बाळा, २००५ ला तू पाळण्यात होतास. मी माळ्यावर चौदा तास बसून होते."

यंदा २६ मे लाच मान्सून मुंबईत आला. याआधीचा सर्वांत लवकरचा दिवस २९ मे, तोही १९५६ सालचा. आमच्या गल्लीतला नाल्याचा गाळ अजून काठावरच पडला होता, तो पुन्हा आत वाहून गेला आणि मीटर रूमच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलं.

देशाच्या हवामान धोरणाबद्दल पेपरात जो वाद वाचते, तोच आता आमच्या जिन्यात आलाय. आधी स्वतःला वाचवायचं, की ज्यामुळे हे घडतंय ते कमी करायचं? तुमच्याकडे काय केलंत ते सांगा. आणि शहराचा, देशाचा पैसा आधी कुठे जावा, तेही.


चहा_हवा
८ जून, सकाळी ८:१५

मीटर. आमचे पाण्यात गेले तेव्हा वीज यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस पाचव्या मजल्यावर हंडे चढवलेत. सोलरवाल्या मुलाला एक हंडा द्या उचलायला, आपोआप मत बदलेल :)


आकडेमोड
८ जून, सकाळी ९:४०

त्या मुलाच्या बाजूने थोडं गणित मांडतो.

मुंबईत एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतं, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. दहा किलोवॅट म्हणजे वर्षाला साधारण साडेचौदा हजार युनिट. आपल्या ग्रिडच्या (सार्वजनिक वीजजाळ्याच्या) एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला दहा टन वाचतात.

पालिकेच्या हवामान कृती आराखड्यात २०१९ सालचं मुंबईचं उत्सर्जन दिलंय: २ कोटी ३४ लाख टन, म्हणजे माणशी १.८ टन. तुमची गच्ची पाच-सहा मुंबईकरांचा वर्षभराचा वाटा पुसून टाकेल. लहान वाटेल, पण शहराच्या उत्सर्जनातला सर्वांत मोठा तुकडा इमारतींमधल्या विजेचाच आहे आणि ती वीज मुख्यतः कोळशाची. गच्च्या सोडून हा तुकडा कमी करायला शहरात दुसरी जागा कुठे आहे?

पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये मिळतात. तुमचे १ लाख ८० हजार झाले. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल उतरेल ते वेगळंच.


पातमुख
८ जून, दुपारी १:०५

मी पर्जन्यजल वाहिन्यांच्या कामात तेहतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. कुर्लेकरीण ताईंना उत्तर देण्याआधी पाणी तुमच्या पायरीपर्यंत येतं कसं ते सांगतो, म्हणजे झडपेचा मुद्दा कळेल.

मुंबईचं पावसाचं पाणी समुद्रात आणि खाड्यांत सोडणारी १८६ पातमुखं आहेत. त्यांतली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली. १३५ त्या पातळीच्या वर, पण भरतीच्या पातळीच्या खाली. भरतीच्या वर फक्त सहा. म्हणजे भरतीच्या वेळी शहराची जवळजवळ सगळी तोंडं बंद होतात आणि तेव्हाच जोराचा पाऊस आला तर पाण्याला जायला वाट राहत नाही. त्यात जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि तोही ओहोटीच्या वेळी, असं धरून बांधलेल्या.

हे सगळं मुंबईच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात लिहिलेलं आहे: वाहिन्या तासाला ५० मिलिमीटर पाऊस पेलतील अशा करा, आठ उदंचन (पाणी उपसणारी) केंद्रं बांधा. अहवाल बारा वर्षं पडून राहिला. मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. त्यानंतर पैसा हलला. आज हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ईर्ला, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा केंद्रं चालू आहेत. मोगरा आणि माहुल अजून व्हायची आहेत. दादरच्या हिंदमाताला जमिनीखाली टाक्या केल्यात; भरतीत पाणी तिथे साठवायचं, ओहोटीला सोडायचं. मी ते पहिल्यांदा चालताना पाहिलं तेव्हा डोळे भरून आले होते. तीस वर्षं आम्ही त्याच चौकात गुडघाभर पाण्यात उभे राहायचो.

आता तुमचं. ताई, नुसती झडप बसवू नका. बाहेरचं पाणी आत येणार नाही हे खरं, पण तुमच्या गच्चीचं आणि आवाराचं पाणी बाहेरही जाणार नाही. सोबत एक छोटी टाकी आणि गाळमिश्रित पाणी खेचणारा पंप हवा, त्याची वीज वरच्या मीटरवरून. तळमजल्याच्या घरांची लाईन वेगळ्या स्विचवर घ्या, म्हणजे पाणी चढलं की तेवढीच बंद करता येईल आणि वरच्यांचे दिवे, पंप चालू राहतील. पुराच्या पाण्यात उतरलेला करंट मी डोळ्यांनी पाहिलाय. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.


कोपऱ्यातला
८ जून, दुपारी ३:३०

सगळं ठीक, पण मुळात हा हिशेब आपल्या गळ्यात का? १८५० पासून हवेत गेलेल्या एकूण कार्बनमध्ये भारताचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास. आजही आपलं माणशी उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. ज्यांनी दीडशे वर्षं कोळसा जाळून घरं गरम ठेवली त्यांनी २००९ मध्ये वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ म्हणून सांगितलं आणि तेही वेळेवर दिले नाहीत. गेल्या वर्षी बाकूच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांनी १.३ लाख कोटी डॉलरची गरज मांडली, तर २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज यावर बोळवण केली. भारताने तिथेच उठून विरोध नोंदवला, योग्य केलं.

कुर्ल्यातल्या आजींनी आपल्या तुटपुंज्या पैशातून जगाचं तापमान कमी करायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. आपला पैसा आपल्याला वाचवायला. उत्सर्जनाचा पैसा त्यांच्याकडून.


आकडेमोड
८ जून, दुपारी ४:१०

@कोपऱ्यातला, न्यायाच्या मुद्द्यावर शंभर टक्के सहमत. पण वार्षिक उत्सर्जनात आपण आज जगात तिसरे आहोत. आपला कार्बनही त्याच समुद्राला तापवतो आणि त्या समुद्राच्या काठावर आपलीही कोट्यवधी माणसं आहेत. शिवाय सोलरची वीज आता नव्या कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त पडते. स्वतःच्या फायद्याची गोष्ट दुसरा पैसे देत नाही म्हणून थांबवायची का?


कोपऱ्यातला
८ जून, दुपारी ४:२५

स्वस्त पडत असेल तर लावा की, माझा विरोध नाहीच. मग ती काटकसर म्हणून लावा. पण आजींचा मीटर पाण्यात ठेवून नको.


पत्र्याखालची
८ जून, रात्री १०:५०

आताच घरी आले, धागा वाचला. मी गोवंडीत आरोग्यसेविका आहे, घरोघर फिरते. इथे सगळे पाण्याबद्दल बोलताय. मला उन्हाबद्दल बोलायचंय.

आमच्या वस्तीत दहा बाय बारा-पंधराच्या खोल्या, वर सिमेंटचा किंवा लोखंडी पत्रा. एप्रिल-मे मध्ये दुपारी आत पाऊल ठेवलं की भट्टीचं तोंड उघडल्यासारखं वाटतं. बाहेर ३६ असतं, पण मुंबईची हवा दमट, घाम सुकतच नाही. रात्री पत्रा निवायला दोन वाजतात. बायका घरकामातल्या किंवा घरी बसून जरीकाम, पिशव्या शिवणाऱ्या. त्यांना "दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका" हा सल्ला कसा द्यायचा? त्यांच्यासाठी ऊन घरातच आहे. एका घरी पंधरा दिवसांची बाळंतीण ओलं फडकं बाळाच्या अंगावर टाकून रात्रभर वारा घालत बसलेली पाहिली.

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. २०१० च्या मे महिन्यात तिथे नेहमीपेक्षा १,३०० हून जास्त माणसं गेली होती, त्यातून ते शहाणे झाले. इशारा आला की दवाखान्यांत बर्फ, पाणपोया, बागा दुपारी उघड्या, आणि झोपडपट्टीत पत्र्यांना पांढरा रंग. आम्ही इथे एका गल्लीत वर्गणी काढून सतरा पत्रे रंगवले. चुना पहिल्या पावसात गेला, म्हणून दुसऱ्या वर्षी ऊन परतवणारा तयार रंग आणला. आत थंडगार झालं असं खोटं सांगणार नाही, पण दुपारी मुलं घरात झोपू लागली.

हा पैसा कुठल्या खात्यात जातो सांगा. पत्रा पांढरा केला तर पंखा कमी फिरतो, म्हणजे कोळसाही वाचला. आणि माणूसही. पण आमच्याकडे ना गच्ची, ना सोसायटी, ना अकरा लाख. योजना सगळ्या गच्चीवाल्यांसाठी असतात.


कुर्लेकरीण
९ जून, सकाळी ६:३०

पत्र्याखालची ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या दोघी गोवंडीच्याच आहेत. त्यांच्या घरात दुपार कशी जाते हे मी आजवर विचारलं नव्हतं. आज विचारणार.


सातबेटं
९ जून, सकाळी ११:१५

+१. पत्र्याखालची ताईंचं शेवटचं वाक्य फार खरं.

शहराच्या आराखड्याबद्दल एक गोष्ट. हवामान कृती आराखडा १३ मार्च २०२२ ला जाहीर झाला. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन (जेवढं सोडू तेवढं शोषलंही जाईल) हे उद्दिष्ट, म्हणजे देशाच्या २०७० च्या वीस वर्षं आधी. २०३० पर्यंत ३० टक्के, २०४० पर्यंत ४४ टक्के घट. सहा विषय: ऊर्जा आणि इमारती, वाहतूक, कचरा, हिरवाई, हवा, पूर आणि पाणी. मी तो मनापासून वाचलाय. कोणत्या भागात ऊन जास्त, कुठे पाणी, कुठे दरड, असे नकाशे आहेत. काम चांगलं झालंय.

पण तारीख बघा. नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. आराखडा आला त्याच्या सहा दिवसांनी. तेव्हापासून आज, जून २०२५ पर्यंत, पालिकेवर प्रशासक आहे, तीन वर्षं झाली. माझ्या प्रभागात किती झाडं लागली, कोणता नाला रुंद झाला, हे सभागृहात उभं राहून विचारणारा एकही माणूस मी निवडलेला नाही. तक्रार ॲपवर टाकली की ती 'निकाली' होते आणि खड्डा तिथेच असतो. हवामानासाठी वेगळा विभाग झाला, गेल्या वर्षीपासून हवामान अर्थसंकल्पाचा अहवालही निघतो, याचं मला कौतुक आहे. तरी प्रश्न विचारायला माणूस हवा.


चहा_हवा
९ जून, दुपारी १२:००

निवडून आलेले होते तेव्हा नाले साफ होते का हो?


सातबेटं
९ जून, दुपारी १२:२०

नव्हते. पण त्यांच्या दारात जाऊन बसता यायचं. आम्ही बसलोय, आणि एकदा रात्री अकराला पंप आलाय.


वरळीचा_नाखवा
९ जून, संध्याकाळी ७:४५

सध्या पावसाळी मासेमारीबंदी चालू, होड्या वर ओढल्यात, म्हणून लिहायला वेळ आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, अलिबागकडे वळलं म्हणून वाचलो. १७ मे २०२१ ला तौक्ते आलं ते मात्र बाजूने घासून गेलं. तेव्हा बंदी सुरू व्हायला दोन आठवडे होते, होड्या पाण्यात होत्या. आमच्या घरची एकमेकींवर आपटून फुटली. भरपाईचे कागद करण्यात पुढचा हंगाम अर्धा गेला.

आजोबा सांगायचे, वादळ यायचं ते नारळी पुनवेनंतर कधीतरी, आणि बऱ्याचदा बंगालच्या बाजूला. आता इशारा आला की समुद्रात जाता येत नाही. माणूस वाचतो, मान्य, इशारे पूर्वीपेक्षा कितीतरी चांगले झालेत. पण बुडालेला दिवस कोण भरून देणार? डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार चालूच. धोरणात हा दिवस मोजलेला नसतो.

आणि सागरी रस्त्याचं. त्यासाठी १११ हेक्टर भराव टाकला. आमच्या होड्या जायच्या जागी खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवलं होतं. वारा आडवा असला की होडी खांबावर जाते हे आम्ही सांगून थकलो. किती महिने काम अडवलं, मग एक खांब काढून १२० मीटर केलं. आम्हाला शहराच्या आड यायचं नव्हतं. आधी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.


कोपऱ्यातला
९ जून, रात्री ८:३०

नाखवा, सागरी रस्त्याने माझा रोजचा पाऊण तास वाचतो, हेही खरं आहे. गाडी कमी वेळ जळते.


बसथांबा
९ जून, रात्री ९:१०

@कोपऱ्यातला, गाडी असणाऱ्यांचा वाचतो. या शहरात बहुतेक लोक चालतात, लोकलने जातात, बसने जातात. उत्सर्जन कमी करणारी सगळ्यांत मोठी गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे. १५ वर्षांपूर्वी बेस्टकडे साडेचार हजारांच्या वर बस होत्या, आज तीन हजारही राहिल्या नाहीत. गेल्या महिन्यात किमान भाडं पाचाचं दहा झालं. विजेवरच्या दुमजली बस आल्या, मला आवडतात, पोराला मुद्दाम वरच्या पुढच्या सीटवर बसवून नेलं. पण थांब्यावर चाळीस मिनिटं उभं राहिलेला माणूस शेवटी रिक्षा करतो किंवा हप्त्यावर स्कूटर घेतो. ती स्कूटर मग पंधरा वर्षं पेट्रोल पिते.

माझं मत: देशाच्या पातळीवर एक रुपया असेल तर बसला द्या.


डोंगरवाट
१० जून, सकाळी ८:००

आम्ही विक्रोळीच्या डोंगरउतारावर. आमच्याकडे पाणी साचत नाही, माती येते. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरला भारतनगरमध्ये आणि इथे सूर्यनगरमध्ये घरं गेली, दोन्हीकडची मिळून तीसच्या आसपास माणसं. दरवर्षी मे महिन्यात 'धोकादायक क्षेत्र, स्थलांतर करा' अशी नोटीस लागते. कुठे करा, ते लिहिलेलं नसतं. पावसाळ्यात जोराची सर आली की मी आणि नवरा आलटून पालटून जागतो.

मीटर आणि सोलर दोन्ही चांगले ठराव आहेत ताई. तुमच्याकडे निवडायला दोन आहेत याचा मला आनंद वाटतो, हे मनापासून लिहितेय.


पद्मेपार
१० जून, दुपारी २:४०

मी कामानिमित्त तीन वर्षं ढाक्यात होते, म्हणून थोडं तिथलं लिहिते. आपल्यापेक्षा गरीब आणि आपल्यापेक्षा जास्त धोक्यातला देश.

१९७० च्या भोला वादळात तिथे तीन ते पाच लाख माणसं गेली. १९७२ मध्ये त्यांनी वादळपूर्वतयारीचा कार्यक्रम सुरू केला. १९९१ च्या वादळात तरीही सव्वा लाखाच्या वर गेली. मग त्यांनी खांबांवर उभ्या शाळा बांधल्या: एरवी वर्ग भरतो, वादळात गाव वर चढतं, जनावरांनाही जागा. आज ७६ हजारांच्या आसपास स्वयंसेवक आहेत, त्यांत निम्म्या बायका. ते सायकलवरून, कर्णा घेऊन घरोघर जातात. २०२० च्या अंफानमध्ये वीस लाखांहून जास्त लोक हलवले आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. आपल्या ओडिशानेही हेच केलं. १९९९ च्या वादळात दहा हजार माणसं गेली, २०१३ च्या फायलिनला पन्नासच्या आत.

मी बारिसालकडच्या एका गावात अशा एका स्वयंसेविकेला भेटले होते. तिने मला तिचा कर्णा दाखवला, पितळेची भांडी असावीत तसा घासून पुसून ठेवलेला. मी विचारलं, लोक ऐकतात का? म्हणाली, पहिल्या दोन वेळा नाही ऐकलं. पुरुषांच्याच वर्गात निजावं लागे, बायकांना वेगळी जागा नव्हती म्हणून बायका येत नव्हत्या. ते कळल्यावर वेगळी खोली केली, वेगळा संडास केला, मग आल्या. ही गोष्ट कुठल्या अहवालातून तिला कळली नव्हती, चुलीपाशी बसून कळली.

आणि उत्सर्जनाचं: जिथे तारा पोचत नव्हत्या तिथे चाळीस लाखांवर घरांना हप्त्यावर छोटे सोलर संच मिळाले. त्या लोकांनी ते जगासाठी लावले नव्हते. पोरांना रात्री दिवा हवा होता आणि वादळाचा इशारा ऐकायला रेडिओ. तुमचे दोन्ही ठराव तिथे एकाच पत्र्यावर नांदतात.


बेडूकउडी
१० जून, दुपारी ३:००

अवांतर: २०१७ च्या ऑगस्टमध्ये आमच्या जिन्यात मासा आला होता. पोरांनी बालदीत ठेवला आणि दोन दिवस शाळेत जायला कोणी तयार नव्हतं. शेवटी सगळी इमारत वाजतगाजत तलावावर सोडायला गेली.


वरळीचा_नाखवा
१० जून, दुपारी ३:२०

@बेडूकउडी काळा, मिशावाला होता का? मग मांगूर असेल. आम्हाला बोलावलं असतं तर सोडायला नसता लागला :)

तिवरांबद्दल (खारफुटीबद्दल) राहिलं. आमच्याकडे चिंबोरी, कोळंबी, निवटी सगळी तिवरात वाढते. उच्च न्यायालयाने २००५ ला तिवरं तोडायला बंदी घातली आणि २०१८ ला तर तिवरं तोडणं म्हणजे लोकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असं म्हटलं. लाट अडवतात, गाळ धरतात, कार्बनही मातीत गाडतात. यासाठी ना पंप लागतो, ना वीज. नुसतं राखायचं आहे.


पातमुख
१० जून, संध्याकाळी ५:५०

नाखव्यांशी सहमत. मिठी विहार-पवईच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत १८ किलोमीटरच्या आत संपते, आणि तिच्या मुखापाशीच्या खाजणावर (खाडीकाठच्या दलदलीवर) भराव टाकून आपण वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं. कुर्लेकरीण ताईंच्या पायरीला लागलेलं पाणी पूर्वी त्या खाजणात पसरत असे. मी सरकारी नोकर होतो, अनेक भराव माझ्या डोळ्यांसमोर झाले. तेव्हा फाईलवर एक ओळ विरोधाची लिहायला हवी होती, असं आता वाटतं.

सोलरच्या मुलासाठी एक सूचना. ग्रिडला जोडलेलं सोलर बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद पडतं, नाहीतर तारांवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसेल. म्हणजे पुराच्या रात्री बॅटरीशिवाय ते उपयोगाचं नाही. त्याला हे माहीत आहे का विचारा.


कुर्लेकरीण
१० जून, रात्री ९:३०

विचारलं. त्याला माहीत नव्हतं. थोडा खट्टू झाला, मग वही घेऊन बसला. म्हणाला, दहाऐवजी चार किलोवॅट आणि एक लहान बॅटरी, फक्त जिना, पंप आणि ती गाळ खेचणारी मोटर यांच्यापुरती. पॅनलच्या सावलीने चौथ्या मजल्याचा स्लॅबही कमी तापेल. खर्च साडेतीन लाख. आता साडेअकरा होतात, पातमुख काकांनी सांगितलेली टाकी-मोटर धरून तेराच्या आसपास. अजूनही कमी पडतात, पण दोन ठराव पहिल्यांदाच एका पानावर आले.


कोपऱ्यातला
१० जून, रात्री ९:४५

मुलाला शाबासकी कळवा. कमी पडले तर सांगा, मी बाहेरचा असलो तरी पाच हजार माझे.


कुर्लेकरीण
२३ जून, सकाळी ७:१०

काल सभा झाली. अडीच तास चालली, दोनदा आवाज चढले. मीटर, झडप आणि टाकी यांचा ठराव १७ विरुद्ध ९ मतांनी मंजूर. सोलर चार किलोवॅटचं, दिवाळीनंतर. त्यासाठी चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या लोकांनी घरटी वेगळी वर्गणी द्यायचं कबूल केलंय, कारण सावली त्यांना मिळणार. (कोपऱ्यातला, तुमचे पैसे घेत नाही, पण सभेत तुमचं वाक्य वाचून दाखवलं.)

सगळं झाल्यावर तळमजल्याच्या आजी उभ्या राहिल्या. "मीटर वर गेलं, पंप वर गेला, चांगलं झालं. मी कुठे जाऊ?" असं म्हणाल्या. हॉल एकदम गप्प झाला. आम्ही सगळे दोन आठवडे यंत्रांबद्दल बोलत होतो. तळमजल्यावर सहा बिऱ्हाडं आहेत आणि वॉचमनचं कुटुंब सातवं.

मी पद्मेपार यांची त्या स्वयंसेविकेची गोष्ट सांगितली. मग ठरलं: गच्चीवरची सोसायटीची खोली रिकामी करायची. आत जुन्या खुर्च्या आणि गणपतीचं मखर आहे. संडास दुरुस्त करायचा, पाण्याचे दोन पिंप, गाद्या. रेड अलर्ट आला की न विचारता वर जायचं.

परवा ज्येष्ठ अमावास्या, उधाण साडेचार मीटरच्या वर आहे. मखर आजच हलवतोय.


पत्र्याखालची
२३ जून, रात्री ११:१५

ताई, वॉचमनचं कुटुंब मोजलंत, बरं वाटलं.


आकडेमोड
१५ जुलै, सकाळी १०:२०

धागा वर काढतोय. काल केंद्राने जाहीर केलं की देशातल्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत कोळसा-वायू सोडून इतर स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर गेला. हे उद्दिष्ट २०३० चं होतं, पाच वर्षं आधी गाठलं. मात्र ही क्षमता आहे. प्रत्यक्ष वापरातली वीज अजून बरीचशी कोळशाचीच, सूर्य रात्री नसतो म्हणून. तरीही मला फार आनंद झालाय. ताई, तुमच्या पोराला सांगा.


कुर्लेकरीण
१५ जुलै, रात्री ८:४०

सांगितलं. त्याने आधीच जिन्यातल्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं.

मीटरचं काम अर्धं झालंय, वीज कंपनीची तपासणी बाकी आहे. गच्चीवरची खोली मात्र तयार आहे. दोन चाव्या केल्या. एक सेक्रेटरींकडे, दुसरी आजींच्या घरात दाराशेजारच्या खुंटीला, त्यांच्या जपमाळेसोबत.


बसथांबा
१५ जुलै, रात्री ९:०५

मीटर उचलायला कंपनीकडे अर्ज कोणत्या नावाने केलात, सोसायटीच्या की प्रत्येक ग्राहकाच्या? आमच्या चुनाभट्टीच्या इमारतीत पण विषय काढतोय.


कुर्लेकरीण
१५ जुलै, रात्री ९:३०

सोसायटीच्या नावाने एक, सोबत अठ्ठावीस जणांच्या सह्यांचं संमतीपत्र. मीटरपासून घरापर्यंतची नवी केबल सोसायटीच्या खर्चाने. उद्या कागदांचे फोटो टाकते.